कुठले कोसंबी, कुठले दीनानाथ?

मंडळी, नमस्कार. विषय तुम्ही फलकावर वाचलाच आहे, नावं सारखी आणि आयुष्यं वेगळी. ऐकायला हा विषय गमतीचा वाटतो, पण मला तो तेवढाच वाटत नाही. एकाच नावाची दोन मोठी माणसं असली ना, की पुढच्या पिढीत त्यातलं एकच शिल्लक राहतं, दुसऱ्याचं काम एकतर पहिल्याच्या खात्यावर जमा होतं नाहीतर कुणाच्याच खात्यावर राहत नाही. आणि आता तर मोबाईलवर नाव टाकायचं, पहिला जो फोटो येईल तो उचलायचा आणि जयंतीच्या दिवशी ग्रुपवर टाकायचा, अशी पद्धतच पडलीय, त्यामुळे जे व्हायला आधी पन्नास वर्षं लागायची ते आता एका सकाळीत होतं. म्हणून म्हटलं, यावर एकदा नीट बोलूया.

सगळ्यांना माहीत असलेल्या नावापासून सुरुवात करतो. सचिन. आज नुसतं सचिन म्हटलं की कोण, ते शेंबडं पोरही सांगेल. पण इथे पन्नाशीच्या पुढचे जे बसलेत त्यांनी आठवून बघा, १९८८ साली सचिन म्हणजे कोण होता? सिनेमातला सचिन! लहानपणापासून पडद्यावर, आणि नामावलीत नाव यायचं तेसुद्धा नुसतं ‘सचिन’, आडनावाची गरजच नव्हती. हे पिळगावकर म्हणजे आपल्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या पिळगावचं आडनाव. मग नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत एक सोळा वर्षांचा पोरगा कसोटी खेळायला उतरला आणि त्यानंतर पाच-सात वर्षांत ते नाव इकडून तिकडे गेलं. आधीच्या सचिनला आडनाव लावावं लागलं. त्यांचं काम काही कमी झालं नाही, ते अजूनही आहेच, फक्त नावावरचा हक्क सरकला. आणि ज्याच्याकडे सरकला त्याला तरी ते नाव कुठून मिळालं? सचिन देव बर्मन यांच्यावरून, रमेश तेंडुलकरांनी ठेवलेलं. वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी, नाव त्रिपुराच्या राजघराण्यातल्या एका संगीतकाराचं आणि मुलगा झाला फलंदाज.

तेंडुलकर हे आडनाव तर बघण्यासारखं आहे. तेंडोली हे गाव इथून फार लांब नाही, पत्रादेवीची सीमा ओलांडली की पुढे कुडाळ तालुक्यात. त्या एका आडनावाखाली नाटककार विजय तेंडुलकर, त्यांचे भाऊ व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर, मुलगी अभिनेत्री प्रिया तेंडुलकर, आणि या घराच्या बाहेरचे अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर, ज्यांच्या समितीने २००९ साली देशात गरीब कुणाला म्हणायचं याचा हिशेब नव्याने मांडला. पेपरात ‘तेंडुलकर समिती’ असा मथळा यायचा तेव्हा क्रिकेटची कसली समिती नेमली म्हणून विचारणारे लोक मला भेटलेत. आणखी एक तेंडुलकर आहेत, त्यांच्याकडे थोड्या वेळाने येतो, कारण त्यांचं पहिलं नाव आपल्या कामाचं आहे.

आता बाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण यात दोघांनी मिळून प्रश्न सोडवला. विन्स्टन चर्चिल. एक इंग्लंडचे, पुढे पंतप्रधान झाले ते. दुसरे अमेरिकेतले, कादंबरीकार, वयाने तीन वर्षांनी मोठे. १८९९ साली परिस्थिती अशी होती की प्रसिद्ध होते ते अमेरिकन, त्यांची कादंबरी धडाक्यात खपत होती, आणि इंग्लंडच्या तरुण चर्चिलना त्यांनी न लिहिलेल्या कादंबरीबद्दल लोक अभिनंदन करायला लागले. मग या इंग्लिश चर्चिलनी दुसऱ्याला पत्र लिहिलं, अगदी सभ्यपणे, की यापुढे मी माझ्या लिखाणावर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल अशी सही करीन म्हणजे वाचकांचा घोटाळा होणार नाही. अमेरिकनने उत्तर दिलं की मलाही मधलं नाव असतं तर मीही लावलं असतं. पुढच्याच वर्षी दोघे बॉस्टनमध्ये भेटले. आज त्या कादंबरीकाराला कोण ओळखतं? साहित्याचं नोबेल १९५३ साली चर्चिलना मिळालं, पण मिळालं ते पंतप्रधानाला, कादंबरीकार १९४७ मध्येच वारले होते. आणि आपल्याकडे दक्षिण गोव्यात सासष्टीत जाऊन चर्चिल म्हणा, लोक फुटबॉलबद्दल बोलायला लागतील, चर्चिल ब्रदर्स हा वार्क्याच्या आलेमाव भावांचा क्लब, आय-लीग ही देशातली फुटबॉल स्पर्धा दोनदा जिंकलेला. चर्चिल आलेमाव स्वतः १९९० मध्ये थोडे दिवस गोव्याचे मुख्यमंत्रीही होते. एक नाव, कादंबरी, महायुद्ध आणि फुटबॉल!

मला या गोष्टीतली ती सही महत्त्वाची वाटते. जो कमी प्रसिद्ध होता त्याने कुरकुर न करता आपलं नाव लांब केलं, एवढंसं काम, पण केलं.

बरं, आता घरी येऊ. ज्यांच्यासाठी मी हा विषय घेतला ते कोसंबी.

गोव्यात डी. डी. कोसंबी विचार महोत्सव होतो, पणजीला, तुमच्यातले पुष्कळजण गेले असतील. डी. डी. कोसंबी कोण? दोन आहेत. बाप आणि मुलगा. वडील धर्मानंद दामोदर कोसंबी, मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे, धर्मानंदांच्या वडलांचं नाव दामोदर, म्हणून मुलगा दामोदर, आणि त्यामुळे झालं असं की नावं आरशात बघितल्यासारखी उलटसुलट झाली आणि रोमी लिपीत आद्याक्षरं लिहिली की दोघेही डी. डी. मराठीत लिहिलं तर घोटाळा होत नाही, ध. दा. आणि दा. ध., पण ग्रंथालयांची जुनी कार्डं इंग्रजीत, इंटरनेट इंग्रजीत, त्यामुळे एका कपाटात पाली भाषेवरची पुस्तकं आणि प्राचीन नाण्यांवरचे निबंध शेजारी शेजारी लावलेले आणि वर एकच नाव, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वाचणाऱ्या पोराला वाटतं, काय माणूस होता, इतकं सगळं एकट्याने केलं!

आता बघा दोघांनी काय काय केलं.

धर्मानंद जन्मले १८७६ साली साखवाळला. शाळा म्हणाल तर नावापुरती. घरची नारळाची बागायत बघायची, लग्न झालेलं, आणि या माणसाच्या मनात बुद्धाने घर केलं, तेही मराठीतला मजकूर वाचून. १८९९ च्या शेवटी घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. तिथून नेपाळ, बोधगया, कलकत्ता, आणि मग सिलोन, तिथे १९०२ मध्ये भिक्षू झाले, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. यातलं बरंचसं चालणं पायी, खिशात पैसे नाहीत, पुढच्या गावात कोण जेवायला घालेल माहीत नाही. परत आल्यावर कलकत्त्याला पाली शिकवायला लागले, तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सांगितलं की महाराष्ट्रात राहा आणि लिहा, मी महिन्याला पन्नास रुपये देतो, आणि यांनी कलकत्त्याचा जास्त पगार सोडला. का, तर जे शिकलो ते आपल्या भाषेत आपल्या लोकांना मिळायला पाहिजे. नंतर हार्वर्डला बोलावलं ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. साखवाळच्या बागायतीतून निघालेला, इंग्रजी शाळेत न गेलेला माणूस हार्वर्डला! मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि शेवटी ४ जून १९४७ ला सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. स्वातंत्र्याला जेमतेम दोन महिने बाकी होते.

मुलगा दामोदर, जन्म १९०७, कोसबेनचा. अकराव्या वर्षी वडलांबरोबर अमेरिकेला गेला, हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेतली. गणिती. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवलं आणि मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रोज पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन येऊन. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र मांडलं, ते आजही आनुवंशशास्त्राच्या पुस्तकात कोसंबी फलन म्हणून शिकवतात, आणि ते शिकणाऱ्या मुलांना बहुतेक पत्ता नसतो की हा माणूस गोव्याचा. नाण्यांकडेही वळले. जुनी ठसे मारलेली चांदीची नाणी घ्यायची, एकेक नाणं काट्यावर तोलायचं, आणि किती वर्षं हातोहात फिरल्यावर किती वजन झिजलं याचं गणित मांडायचं, त्यावरून नाणं किती जुनं ते ठरवायचं. म्हणजे राजाने शिलालेखात काय लिहून ठेवलं ते राहू दे बाजूला, बाजारातल्या माणसाच्या बोटांनी जी चांदी घासली गेली तिला विचारायचं! मला हे फार मोठं वाटतं. त्यातूनच १९५६ चं त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं आणि इतिहास म्हणजे राजांच्या याद्या हा प्रकार आपल्याकडे मोडीत निघायला सुरुवात झाली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनीच काढली, आणि इथे मात्र घोटाळा आणखी वाढतो, कारण संस्कृतचं काम बघितलं की लोक म्हणतात, हे वडलांचं असणार.

शिवाय दामोदररावांनी गणितावरचे काही निबंध एस. ड्यूक्रे या टोपणनावाने छापले. एकाच नावाचे दोघे आणि त्यातल्या एकाची पुन्हा दोन नावं.

दोघांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती नावात नाही. दोघेही चालले. वडील बुद्धाचा शोध घेत देशभर, मुलगा पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर, मेंढपाळांच्या वाटांवर, तिथे दगडाची बारीक हत्यारं सापडतात आणि शेंदूर लावलेल्या देव्या असतात, त्या बघत. पण एक श्रद्धेने गेला आणि दुसरा मार्क्स वाचून गेला. या दोघांना एक करून टाकलं तर दोघांमधला हा सगळा संवाद जातो, बापाने ज्याच्यासाठी घर सोडलं त्याच प्राचीन काळाकडे मुलगा दुसऱ्या दाराने कसा शिरला हे कळतच नाही. म्हणून मला राग येतो. गोव्याने महोत्सवाला नाव दिलं ते मुलाच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, चांगलं केलं, पण सूत्रसंचालन करणाऱ्याने एकदा तरी दोन्ही नावं पूर्ण उच्चारावीत एवढीच माझी मागणी असते.

दामोदर हे नाव आपल्याकडे एवढं का, ते वेगळं सांगायला नको, जांबावलीचा देव दामोदर. ज्ञानपीठ मिळालेले माजोर्ड्याचे दामोदर मावजो, तेही त्याच नावाचे. गोव्यात देवळावरून माणसं ओळखावीत, मंगेश, नागेश, रामनाथ, शांता, आणि मग एका वर्गात चार मंगेश असतात.

मंगेशवरून मंगेशी, आणि मंगेशीवरून दीनानाथ. पणजीच्या कला अकादमीत जे मोठं नाट्यगृह आहे त्याचं नाव दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. मास्टर दीनानाथ, जन्म १९००, बलवंत संगीत मंडळी ही त्यांची नाटक कंपनी, गाणं असं की लोक अजून सांगतात, आणि १९४२ मध्ये गेले, म्हणजे बेचाळिशीही पूर्ण नाही. पुढे मुलीचं नाव एवढं झालं की वडलांची ओळख लताचे वडील अशी करून द्यावी लागते, हेही एक प्रकारचं झाकलं जाणंच आहे. तर हे एक दीनानाथ. दुसरे दीनानाथ दलाल, मडगावचे, जन्म १९१६. चित्रकार. तुमच्या घरी आजोबांच्या वेळच्या कादंबऱ्या असतील तर मुखपृष्ठावर कोपऱ्यात ‘दलाल’ ही सही शोधा, सापडेलच. ‘दीपावली’ हा त्यांचा दिवाळी अंक १९४५ पासूनचा. एका काळात मराठी घरात नायिका कशी दिसते हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यात दलाल होते, लोक पुस्तक वाचायच्या आधी त्यांचं चित्र बघायचे. आणि तिसरे दीनानाथ म्हणजे मघाशी राखून ठेवलेले तेंडुलकर, दीनानाथ गोपाळ तेंडुलकर, ज्यांनी गांधीजींचं आठ खंडांचं चरित्र लिहिलं. डी. जी. तेंडुलकर एवढंच नाव पुस्तकावर असतं म्हणून ते दीनानाथ होते हेही कुणाला माहीत नसतं. गाणारा, रंगवणारा, लिहिणारा. रस्त्याला, हॉलला, हॉस्पिटलला नाव मिळालं ते पहिल्याला. मिळायलाच हवं होतं, पण दलालांच्या चित्रांचं कायमचं दालन गोव्यात असावं असं मला मनापासून वाटतं.

गावावरून आडनाव हा आपला दुसरा घोटाळा. केरकर घ्या. सुरश्री केसरबाई केरकर, या आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर ही दोन अंतराळयानं आकाशात सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, तिच्यात भारतातलं एकच गाणं, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आता दुसरे केरकर, राजेंद्र केरकर, म्हादई नदी आणि तिथलं जंगल यांच्यासाठी आयुष्य घातलेले, ते सत्तरी तालुक्यातल्या केरीचे. तिसरे डॉक्टरी सोडून चित्र-शिल्पाकडे वळलेले सुबोध केरकर, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा उभं केलं ते. आणि पेडण्यात समुद्राकाठी आणखी एक केरी आहेच. म्हणजे आडनाव एक पण गाव एक नाही, देव एक नाही, नातं तर नाहीच, आणि तरी कुणीतरी हमखास विचारतं, त्या केसरबाई तुमच्या कोण? काकोडकरांचंही तेच, शशिकलाताई मुख्यमंत्री होत्या, अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, आडनाव कुडचडे-काकोड्यातल्या काकोड्याचं.

ख्रिस्ती बांधवांकडे अडचण आणखी मोठी. बाप्तिस्मा देताना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव दिलं गेलं, त्यामुळे अख्ख्या वाड्याचं आडनाव फर्नांडिस, आणि नाव ठेवायचं ते संताचं. साळगावचे जगप्रसिद्ध चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या नावात फ्रान्सिस आलं ते लहानपणी देवीच्या आजारातून वाचले म्हणून आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला बोललेल्या नवसामुळे. गोव्यात किती फ्रान्सिस डिसोझा असतील त्याची मोजदादच नको, म्हणून तर गावात प्रत्येक घराला टोपणनाव असतं आणि पोस्टमन त्याच नावाने घर शोधतो.

काहींनी नाव मुद्दाम बदललं. सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आलेले मोहन रानडे, हे मूळचे मनोहर आपटे. गोवामुक्तीच्या लढ्यासाठी नवीन नाव घेतलं, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि गोवा १९६१ ला सुटला तरी हा माणूस पोर्तुगालच्या तुरुंगात १९६९ पर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी झटले ते सुधीर फडके, आणि त्यांचंही मूळ नाव रामचंद्र. आपट्यांचा रानडे झाला तो आपटे म्हणून कुणाला आठवत नाही, पण इथे ते त्यांनी स्वतः पत्करलं होतं.

बायकांना मात्र कुणी विचारलं नाही. हे मला आज जरा जास्त सांगायचंय. आपल्या बांदिवड्याला १९१४ साली एक मुलगी जन्मली, दुर्गा केळेकर. तुम्ही म्हणाल कोण ही? ज्योत्स्ना भोळे! १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ मध्ये कुलीन घरातली बाई रंगभूमीवर बाईचं काम करते ही केवढी गोष्ट होती, आणि आवाज तर विचारू नका. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. त्यामुळे गोव्यातल्या गायिकांची यादी करताना बांदिवड्याच्या नावापुढे ती दिसत नाही, आणि केळेकर म्हटलं की रवींद्रबाब केळेकरांचंच नाव पुढे येतं, ज्ञानपीठवाले. त्याच काळात आणखी दोन दुर्गा होत्या. दुर्गा खोटे, चित्रपटात मानाने उभी राहिलेली पहिल्या फळीतली नायिका, माहेरच्या लाड, घराणं मूळचं गोव्याचं. आणि दुर्गा भागवत, लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीत यशवंतराव चव्हाणांसारखे मंत्री मांडवात असताना ज्यांनी लेखनस्वातंत्र्याबद्दल बोलायचं ते बोलून दाखवलं. तीन दुर्गांमध्ये भागवतांचं नाव जन्मापासून शेवटपर्यंत एकच राहिलं, कारण त्यांनी लग्न केलं नाही. बाकी दोघींचा माग काढायचा तर माहेर माहीत पाहिजे.

तर एक काम करूया. वाचनालयाने बाहेर टेबलावर एक वही ठेवलीय. तुमच्या गावात नाटकात, भजनात, दशावतारात, शाळेत, लढ्यात ज्यांनी काम केलं त्यांची नावं लिहा, पण नुसतं नाव नको. नाव, वडलांचं नाव, गाव आणि तालुका, कारण केरी तीन आहेत. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर. जन्माचं साल माहीत नसेल तर कुठल्या वर्षी कुठलं काम केलं ते लिहा, आणि फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने नाव लिहून द्या, पेनाने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. प्रश्न असतील तर विचारा, मी आहे अजून अर्धा तास.